ती मला लागली

(बदलापूर येथे वस्तीगटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘मोबाईल आणि मुलं’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. एवढ्या मोठ्या विषयावर मी बोलणार नाही. एकाच जातीच्या खेळाबद्दल बोलते. त्या खेळापायी आमच्या गटातल्या एका बाईच्या घरी भांडण झालं, आणि ते सोडवायला गेलेली मी पुढे दोन महिने तो खेळ खेळत बसले. हसू नका. स्वतः खेळल्याशिवाय त्यावर बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

ही बाई राहते अंबरनाथला. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे कापते, नगावर पैसे. नवरा रिक्षा चालवतो, मुलगा बारावीला, मुलगी नववीला. बचत गटाचा हप्ता भरायच्या दिवशी खात्यात नऊ हजार चारशे रुपये कमी निघाले. मुलीनं तीन आठवड्यांत कधी ऐंशी, कधी चारशे असे करत खेळात घातले होते. पिन तिला कसा कळला, असं मी विचारलं, तर आई म्हणाली, “ताई, पिन तिलाच ठाऊक आहे, मला नाही.” गॅसचा नंबर लावणं, वीजबिल, रिचार्ज, सगळं मुलगीच करते. आपण इतकी वर्षं बायकांना सही शिकवली. सहीवर पैसे निघायचे दिवस सरले, आणि पिनचा वर्ग आपल्यापैकी कुणी घेतला नाही. यात चूक आपलीही आहे.

नवऱ्यानं आधी बायकोला मारलं. ‘तुझं लक्ष कुठे असतं?’ मग मुलीला फोन बंद, क्लास बंद. भाऊही तोच खेळ खेळतो. त्याचा फोन त्याच्या खिशातच राहिला.

खेळाचं नाव सांगत नाही. तशा खेळांची आता रांगच आहे. २०२० साली आलेला ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ डोंगर-जंगलात घडतो. नव्या पिढीचे खेळ शहरात घडतात. चीनच्या होट्टा स्टुडिओचा ‘नेव्हरनेस टू एव्हरनेस’ त्यातलाच. पडद्यावर अख्खं शहर असतं. वाटेल तिथे चाला, गाडी चालवा, घर सजवा. हे सगळं फुकट. खेळात शिरायला दमडी लागत नाही.

मुलीनं मला शिकवलं. “मावशी, इथं दाब. आता पळ.” खरं सांगते, मला आवडलं. रात्र, पाऊस पडून गेलेला, दुकानांच्या पाट्या उजळलेल्या, आणि त्या रस्त्यावरून एकटी मुलगी चाललेली. कुणी शिट्टी मारत नाही, कुणी मागे येत नाही, घरून ‘कुठे आहेस’ म्हणून फोन नाही. मी पाऊण तास नुसती चालत होते. मग एकेक लक्षात यायला लागलं. एवढ्या शहरात झाडूवाली दिसली नाही. पाण्याच्या नळावर रांग नाही. पोर कडेवर घेतलेली बाई नाही. कॅमेरा मात्र मुलगी शिडी चढायला लागली की बरोबर खाली जातो. आणि कपडे असे, की त्या कपड्यांत कुणी भिंतीवरून उड्या मारून दाखवाव्यात!

पण फुकट शिरलेली बाई पैसे का देते? तर पात्रांसाठी. खेळताना ज्या माणसाच्या अंगात शिरायचं, ती पात्रं विकत मिळत नाहीत, ती सोडतीत निघतात. याला ‘गाचा’ म्हणतात. शब्द जपानी. तिकडे दुकानाबाहेर खेळण्यांची यंत्रं असतात. नाणं टाकून मूठ फिरवायची, आतून एक गोळा पडतो, त्यात कुठलं खेळणं आहे ते उघडल्यावर कळतं. मूठ फिरण्याचा आवाज गाचा. तेच यंत्र आता फोनमध्ये बसवलं आहे.

‘गेन्शिन’मध्ये सगळ्यात वरच्या दर्जाचं पात्र निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के, म्हणजे हजारात सहा. नव्वदाव्या खेपेला एक नक्की मिळतं, पण ते आपल्याला हवं तेच असेल असं नाही. नशीब अगदी वाईट असेल तर १८० खेपा. एका खेपेला १६० खडे लागतात. खडे रोज थोडे थोडे फुकट मिळतात. त्यासाठी रोज हजेरी लावायची, कारखान्यातल्या मस्टरसारखी. चुकली की त्या दिवसाचे गेले. हवं ते पात्र सोडतीत साधारण तीन आठवडे असतं. हजेरीचे खडे पुरत नाहीत आणि दिवस संपत येतात, तेव्हा रुपये निघतात. रुपयाचे आधी एक खडे, त्यांचे दुसरे खडे, त्यांचं तिकीट. तिसऱ्या बदलीपर्यंत आपण किती घातले याचा हिशेब नववीतल्या मुलीला काय, मलाही लागला नाही.

आपल्याला हे नवं नाही. कल्याण मटका आठवा. (आपल्याकडे बऱ्याच जणींना वाटतं तो शेजारच्या कल्याणचा. तसं नाही. १९६२ साली मुंबईत कल्याणजी भगत यांनी सुरू केला, म्हणून कल्याण.) पगाराच्या दिवशी नवरा घरी येईपर्यंत पाकिटात काय उरेल, याची धास्ती आपल्या आयांनी काढली आहे. पण मटक्यात आकडा लागला तर निदान पैसे यायचे. इथे लागलं तरी हातात चित्र, तेही खेळ चालू आहे तोवर.

इथेच कायद्याची पंचाईत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला. रमीसारखे पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ त्यानं बंद केले. चांगलं झालं. पण रोख पैशांच्या जुगारावर. ज्यात पैसे फक्त जातातच, तो धंदा बाजूला राहिला, असं मला दिसतं. इतर देशांनी थोडं काही केलं आहे. जपाननं २०१२ साली गाचाचा एक प्रकार बंद पाडला, त्यात सोडतीतून अख्खा संच जमवला तरच बक्षीस मिळायचं. बेल्जियमच्या जुगार आयोगानं २०१८ साली पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्या जुगारात धरल्या. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये ‘गेन्शिन’च्या प्रकाशकांनी दोन कोटी डॉलर भरायचं आणि सोळा वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय अशी सोडत विकायची नाही, असं कबूल केलं. आणि ही सोडत नसली तर खेळ चालणारच नाही, असंही नाही. ‘अनंता’ नावाचा (नाव आपल्या गल्लीतलं वाटतं, खेळ चिनी आहे) असाच शहरी खेळ बनवणाऱ्यांनी २०२५ साली जाहीर केलं, की पात्रं सोडतीत ठेवणार नाही.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. भावाला विचारलं, तुला कोण मिळालं? तो म्हणाला, “ती मला लागली. पन्नासाव्या खेपेला.” लॉटरी लागते तशी मुलगी लागते! सोडतीत पुरुष पात्रंही असतात, पण त्यानं दाखवलेल्या यादीत बहुतेक मुलीच होत्या. प्रत्येकीची किंमत, दर्जा, चांदण्या. दोन वेळा लागली तर जास्त ताकदीची. हुंड्याची यादी करणाऱ्या समाजातल्या मुलाच्या हातात आपण हे दिलं आहे, आणि भांडण नऊ हजारांचं चाललं आहे.

मुलीला विचारलं, तू कशाला खेचत होतीस? ती म्हणाली, तिला मोटारसायकल चालवणारी मुलगी हवी होती.

२० ऑगस्ट २०२४ ला याच बदलापूर स्टेशनात आपल्यातल्या कितीजणी रुळांवर उतरल्या होत्या. शाळेतल्या दोन लहान मुलींसाठी. तेव्हा आपण मागितलं होतं की मुलींना जगणं सुरक्षित करा. घरोघरी त्याचं उत्तर निघालं ते असं, की मुलींना घरात ठेवा. ही मुलगीही तेव्हापासून क्लास सोडून बाहेर गेलेली नाही. बाहेरचा रस्ता बंद झाला, आणि फोनमध्ये कुणीतरी रस्ता विकायला बसलेलंच होतं. म्हणून फोन काढून घ्या, असं मी सांगणार नाही. तो काढून घेतला की तिच्याकडे एकही रस्ता उरत नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. पिन बदलला, आईनंच बदलला, चार वेळा चुकून. ॲपच्या दुकानात प्रत्येक खरेदीला परवानगी मागण्याची सोय असते, ती चालू केली, भावाच्या फोनवरही. त्यावरून तो आठवडाभर बोलला नाही. पैसे परत मागण्याचा अर्ज केला. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाशी केलेला करार टिकत नाही, हे त्यात लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. नवऱ्याशी बोलायला आम्ही पाचजणी गेलो. त्यानं क्लास सुरू केला. मारलं त्याबद्दल तो अजून काही बोललेला नाही, आणि तो विषय आम्ही मिटवलेला नाही.

शनिवारी संध्याकाळी आता आम्ही वस्तीतल्या नऊ-दहा मुलींना घेऊन शिवमंदिराकडे चालत जातो. परतताना अंधार होतो, आणि वाटेतल्या एका पट्ट्यात दिवे लागत नाहीत. त्याचा अर्ज तयार आहे. दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे, अंबरनाथच्या बायकांनी जाताना सह्या करून जा. बदलापूर-उल्हासनगरच्या बायकांनी आपल्या रस्त्यांची नावं मागच्या कोऱ्या कागदावर लिहा.