ठाण्यातलं लग्न, नगरचा जन्म आणि वेल्सचा पत्ता

(चारकोप येथे वसंत ऋतूतल्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

१५ मार्च १८२९ रोजी ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चमध्ये एक लग्न लागलं. नवरा टॉमस एडवर्ड्स, मूळचा लंडनचा. तिथे तो लाकडी फर्निचर घडवायचा, इथे ईस्ट इंडिया कंपनीच्या सॅपर्स अँड मायनर्स दलात सार्जंट होता. नवरी मेरी ॲन ग्लासकॉट, मुंबई लष्करातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याची मुलगी. ठाणं काय आणि चारकोप काय, दोन्ही साष्टी बेटावरचीच गावं. तेव्हा हे लग्न तसं आपल्या अंगणातलंच म्हणायचं.

या जोडप्याची धाकटी मुलगी २६ नोव्हेंबर १८३१ रोजी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला जन्मली. बाप तीन महिने आधीच वारला होता. बाप्तिस्म्याच्या वेळी तिचं नाव ठेवलं ॲन हॅरिएट एमा एडवर्ड्स. आई वर्षभरात पॅट्रिक डोनोहो नावाच्या आयरिश शिपायाशी पुन्हा लग्न करून मोकळी झाली. छावणीच्या आयुष्यात विधवेला फार काळ थांबून चालत नसे.

हीच मुलगी पुढे ॲना लिओनोवेन्स म्हणून जगभर गाजली. १८६२ ते १८६७ ती सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजा मोंगकुट याच्या दरबारात त्याच्या बायकामुलांना शिकवत होती. त्या दिवसांवर तिने १८७० साली पुस्तक लिहिलं. त्यावरून मार्गारेट लँडनने १९४४ मध्ये कादंबरी रचली, १९५१ मध्ये ‘द किंग अँड आय’ ही संगीतिका रंगमंचावर आली आणि १९५६ मध्ये यूल ब्रिनर आणि डेबोरा कर यांचा सिनेमा. थायलंडने त्यावर बंदी घातली. आपल्या राजाचं चित्र चुकीचं रंगवलं, ही त्यांची तक्रार. बाईने स्वतःचं चित्रही तितक्याच मोकळ्या हाताने रंगवलं होतं, ते मात्र बराच काळ कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ॲनाने स्वतःबद्दल सांगितलेली हकीकत अशी. जन्म ५ नोव्हेंबर १८३४, वेल्समधल्या कार्नार्व्हनचा. माहेरचं नाव क्रॉफर्ड, वडील कॅप्टन. नवरा लष्करात मेजर, वाघाच्या शिकारीला गेला असताना उष्माघाताने गेला. मुलांनी आणि नातवंडांनी हीच हकीकत खरी धरली, लँडननेही धरली. एखाद्या खानदानी इंग्रज विधवेला शोभेल असंच सगळं होतं.

पहिला टाका उसवला तो एका कोळ्यांच्या अभ्यासकाने. कोळी म्हणजे जाळी विणणारे, आठ पायांचे. डब्ल्यू. एस. ब्रिस्टो हा ब्रिटनमधला कोळ्यांचा मोठा तज्ज्ञ. सयामशी त्याचे जुने लागेबांधे होते, आणि ॲनाचा मुलगा लुई, ज्याने सयाममध्ये सागवानाच्या व्यापारात नाव काढलं, त्याच्यावर तो पुस्तक लिहीत होता. चरित्र म्हटलं की जन्मदाखल्यापासून सुरुवात. लुईचा दाखला लंडनमध्ये सापडेना. मग आईचा शोध. कार्नार्व्हनला तिच्या जन्माची नोंदच नाही. कॅप्टन क्रॉफर्ड कुठे आहे? तोही नाही. ब्रिस्टोचं पुस्तक १९७६ मध्ये आलं आणि ॲनाची वेल्सची कहाणी कोसळली.

ती कोसळली कशाने, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. कंपनी सरकारची एक शिस्त होती. प्रत्येक छावणीतला पाद्री बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवी. त्या नोंदींच्या नकला मुंबईत जमा होत आणि तिथून लंडनला रवाना होत. मुंबई इलाख्याच्या या नकला अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या आहेत आणि आज त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात सापडतात. नगर, पुणे, ठाणं, डीसा अशा छावण्यांमधल्या साध्यासुध्या शिपायांची आयुष्यं त्यात एकेका ओळीत बसवलेली आहेत. वही लिहिणाऱ्या पाद्र्याला पुढे कोण प्रसिद्ध होणार याची कल्पना नव्हती, म्हणूनच त्याच्या ओळीला वजन.

आता दोन्ही बाजू शेजारी मांडून बघा. ॲनाचं लग्न १८४९ च्या नाताळच्या दिवशी पुण्यात झालं. नवरा टॉमस लिऑन ओवेन्स, आयर्लंडमधल्या वेक्सफर्ड परगण्याचा, साधा शिपाई म्हणून आलेला आणि पगार वाटणाऱ्या कचेरीत कारकून झालेला. त्याने मधलं नाव आणि आडनाव जोडून ‘लिओनोवेन्स’ केलं, आणि मेजरसाहेब झाले ते बायकोच्या आठवणींत. तो १८५९ मध्ये पेनांगला वारला. ना वाघ, ना शिकार. त्याआधी १८५२ मध्ये हे जोडपं हिंदुस्थान सोडून ऑस्ट्रेलियाला गेलं होतं. १८८४ साली ॲनाने हिंदुस्थानावर एक प्रवासवर्णन छापलं. उपशीर्षकात तिने त्याला आगगाडीपूर्वीच्या दिवसांतल्या आठवणी म्हटलं आहे. मुंबईची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला सुटली. निदान एवढ्या बाबतीत तरी बाईंचा शब्द आणि दप्तर यांचं एकमत आहे!

तिला लबाड म्हणून निकाल देऊन टाकणं सोपं आहे. ब्रिस्टोचा कल तिकडेच होता. पण नोंदवहीच्या आणखी एका पानाकडे पाहायला हवं, आणि ते पान कोरं आहे.

मेरी ॲनचे वडील, म्हणजे ॲनाचे आजोबा, विल्यम व्हॉड्री ग्लासकॉट. हे १८१० मध्ये हिंदुस्थानात आले, मुंबईच्या चौथ्या देशी पायदळात अधिकारी होते. त्यांचा हुद्दा, पलटण, सगळं मिळतं. त्यांनी १८१५ च्या सुमारास लग्न केलं असावं. बायकोचं नाव? कुठेच नाही. २००८ मध्ये ‘बॉम्बे ॲना’ हे चरित्र लिहिणाऱ्या सुसान मॉर्गन यांनी सगळं दप्तर पालथं घातलं आणि असा निष्कर्ष काढला की, इतक्या नेटक्या कारभारात एका अधिकाऱ्याच्या बायकोचं नाव गहाळ होण्याचं एकच पटण्याजोगं कारण आहे. ती युरोपियन नव्हती. ती कोण होती, मराठी बोलणारी होती का, की तीही मिश्र वंशाच्या घरातली, हे कागद सांगत नाहीत. ॲनाने जन्मगाव बदललं, बापाचं नाव बदललं, माहेरच्यांशी नातं तोडलं, ते बहुधा या आजीला झाकण्यासाठी. त्या काळच्या इंग्रज समाजात रक्तात हिंदी अंश आहे असं कळलं असतं तर मुलांच्या नोकऱ्या आणि लग्नं दोन्ही अडली असती. नातीने खोटं लिहिलं हे खरं. पण आजीच्या नावाची जागा कोरी ठेवणारे तिच्या आधी होऊन गेले होते, आणि त्यांना कुणी लबाड म्हणत नाही.

अशा वेळी शोधणारे वळतात मृत्युपत्रांकडे. मुंबईत १७२८ पासून मेयर्स कोर्ट, मग रेकॉर्डर्स कोर्ट, सुप्रीम कोर्ट आणि १८६२ पासून हायकोर्ट अशी कोर्टं बदलत गेली. मेलेल्या साहेबाची मालमत्ता कुणाला, हा प्रश्न मात्र प्रत्येक कोर्टापुढे आला. ज्यांची इस्टेट इंग्लंडातही होती त्यांची मृत्युपत्रं १८५८ पर्यंत कँटरबरीच्या धर्मपीठाच्या कोर्टात जात. पाद्र्यापुढे माणूस जे बोलत नाही ते मृत्युपत्रात बोलतो, कारण तिथे पैसा योग्य हाती पडायचा असतो. विल्यम डॅलरिंपल यांनी दिलेला आकडा प्रसिद्ध आहे. बंगालमध्ये १७८० ते १७८५ या काळातल्या दर तीन मृत्युपत्रांपैकी एकात हिंदी बायकोसाठी किंवा सोबतिणीसाठी काही ना काही ठेवलेलं आहे. १८०५ ते १८१० मध्ये हे प्रमाण चारात एक झालं, १८३० मध्ये सहात एक, आणि शतकाच्या मध्यावर जवळजवळ नाहीसं झालं. बायका एकाएकी नाहीशा झाल्या नव्हत्या. त्यांचं नाव घेण्याची लाज वाढली होती.

मृत्युपत्रही डोळे मिटून वाचायचं नसतं. त्यात ज्याला काही द्यायचं आहे त्याचंच नाव येतं. थोरल्या मुलाला हयातीतच वाटा दिला असेल, तर कागदावर तो नसतो आणि संशोधक त्याला मेलेला समजून बसतो. तारखांचा घोळ वेगळाच. १७५२ पूर्वी इंग्लंडात कागदोपत्री वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे डिसेंबर १७०० मध्ये केलेलं मृत्युपत्र फेब्रुवारी १७०० मध्ये कोर्टात मंजूर झालेलं दिसतं. वाचणारा चक्रावतो. मुळात दोन्ही तारखा बरोबर असतात.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद आठवा. उत्तरकालीन बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ साल धरलं जाई. पुढे भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये ती छापली गेली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी तिथी निघाली. शकात ७८ मिळवले की १६२९ येतं. पण फाल्गुन हा शकवर्षाचा शेवटचा महिना, तोवर इंग्रजी साल पालटलेलं असतं, म्हणून १६३०. पुढे तंजावरला सापडलेलं परमानंदाचं ‘शिवभारत’ आणि राजस्थानातल्या संग्रहातली कुंडली यांनी त्याच तिथीला दुजोरा दिला. आज सरकारी जयंती १९ फेब्रुवारीला असते ती या कागदांमुळे. जेध्यांची शकावली म्हणजे घटना आणि तिथी यांची कोरडी यादी. बखरीसारखी ती रंगवलेली नाही, आणि तिचं बळ त्यातच आहे.

याउलट प्रकार पाहायचा तर इनाम कमिशनचा. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इंग्रजांनी महाराष्ट्रातल्या इनामदारांना सांगितलं, जमीन तुमची असेल तर सनद दाखवा. मग घराघरांतून कैफियती लिहिल्या गेल्या, वंशावळी काढल्या गेल्या. काही सनदा अस्सल होत्या, काही ताज्या शाईच्या. जमीन जायची वेळ आली की पूर्वज पटापट आठवतात. वंशावळ पाहताना ती कोणत्या कज्जासाठी काढली हे आधी विचारावं, असा जुन्या दप्तरात वावरलेल्या लोकांचा कटाक्ष असतो आणि तो अगदी रास्त आहे.

चारकोपच्या पश्चिमेला खाडीपलीकडे गोराई, मनोरी, उत्तन इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. बोली मराठी, आडनावं पोर्तुगीज, आणि ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलेलं १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी. बाप्तिस्म्याबरोबर आडनाव मिळालेलं, त्यामुळे एका आडनावाची दोन घरं एकाच रक्ताची असतीलच असं नाही. त्यात साष्टीतली बरीच चर्चं १८८६ ते १९२८ दमणच्या बिशपकडे, नंतर मुंबईकडे. पणजोबांच्या वहीसाठी कोणता दरवाजा ठोठवायचा, इथपासून सुरुवात.

आणि इथल्या सेक्टरांमधल्या घरांचं काय? म्हाडाच्या प्लॉटवर १९८० च्या दशकात आणि नंतर आलेली ही कुटुंबं. कोण गिरणगावातून आलं, कोण थेट कोकणातून किंवा घाटावरून. वाटपपत्रावर एक नाव, रेशनकार्डावर त्याच नावाचं दुसरं स्पेलिंग, गावच्या सातबारावर तिसरंच. कितीतरी आजोबांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी वर्ष अंदाजाने आणि तारीख शाळा सुरू होण्याच्या महिन्याची टाकली. शंभर वर्षांनी कुणी संशोधक शाळांची ही जनरल रजिस्टरं उघडेल तेव्हा महाराष्ट्रात १ जूनला काय साथ आली होती, असं त्याला वाटलं तर त्याचा दोष नाही.

या कागदांची खरी परीक्षा होते जात पडताळणीच्या वेळी. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, भटक्या विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा पुरावा काढा म्हटलं की घरात पळापळ सुरू होते. पोराची इंजिनिअरिंगची ॲडमिशन दाराशी आलेली असते आणि बाप गावच्या शाळेत, तहसीलमध्ये, कोतवाल बुकाच्या नकलेसाठी खेटे घालत असतो. नोंद मोडीत निघाली तर मोडी वाचणारा शोधा. प्रतिज्ञापत्रावर वंशावळ काढली जाते, खापरपणजोबांपासून थेट पोरापर्यंत. सगळे पुरुष, एकाखाली एक.

मग कळतं की आजोबा शाळेत गेलेच नव्हते. वडिलांच्या शाळेचं जुनं रजिस्टर पावसात भिजून गेलेलं. अशा वेळी कुणाला तरी आत्या आठवते. आत्याचा दाखला चालतो, ती बापाच्या बाजूचं रक्ताचं नातं. पण वंशावळीत ती नसतेच, आणि घरात तिला सगळे ओळखतात सासरच्या नावाने. शाळेच्या वहीत ती माहेरच्या नावाने आहे. ते नाव कोणतं, लाडाचं की पाळण्यातलं, तालुका कोणता, शाळा मुलींची वेगळी होती की एकत्र, हे सांगू शकणारी एखादी चुलत आजी हयात असली तर फोन लावला जातो. ती सांगते, हेडमास्तर रजिस्टर उघडतात, आणि १९५० च्या दशकातल्या एका ओळीत मुलीचं नाव, बापाचं नाव, जात, गाव सगळं जागेवर असतं. जन्मतारीख अर्थातच १ जून.