दुधाची दाढ वाचवायची कशी?

"दुधाचीच दाढ आहे, पडेलच की!" मोहगाव असो की सौंसर, लेकराची दाढ किडली की घरात हेच ऐकू येतं. पण ही दाढ दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहायची असते. सहाव्या वर्षीच ती उपटली, तर मागची दाढ पुढे सरकते आणि पक्क्या दाताची जागा जाते.

कीड वरच्या नसेपुरती असेल, तर तेवढाच भाग काढून औषध ठेवतात. ही पल्पोटॉमी. संसर्ग मुळांत उतरला, की पल्पेक्टॉमी, म्हणजे लेकरांचं रूट कॅनाल. मुळांच्या नळ्या बारीक नि वाकड्या. यंत्रावर फिरणाऱ्या लवचिक फाइलींनी त्या लवकर साफ होतात. घाबरलेल्या लेकरासाठी तो वाचलेला वेळ फार मोलाचा. मोठ्यांच्या रूट कॅनालमध्ये भरतात तो रबरासारखा गटापर्चा इथे चालत नाही. दुधाच्या दाढेची मुळं पुढे झिजून विरघळतात, म्हणून त्यांच्याबरोबर विरघळणारी पेस्टच भरावी लागते: झिंक ऑक्साइड-युजेनॉल किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइड-आयोडोफॉर्मची. वर बहुधा स्टीलची टोपी.

अशा उपचारांसाठी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. हिरडीवर पुळी दिसली किंवा लेकरू दाढदुखीनं रात्री उठलं, तर सुट्टीची वाट पाहू नका.