टाकीतला ऊस

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



व्याख्यात्यांच्या यादीत माझं नाव पाहून काहींना आश्चर्य वाटलं असेल. पण माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, प्रयोगशाळा सांभाळण्यात गेली. गंमत म्हणजे आपली सोसायटी रजिस्टर झाली २००१ साली, आणि त्याच वर्षी पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प आपल्या मिरज-मनमाडला आणि उत्तर प्रदेशात बरेलीकडे सुरू झाले. म्हणजे दोघं समवयस्कच! तेव्हा मिश्रण ५ टक्के होतं. २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर.

आधी माझी फजिती सांगतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही अडीच महिने मुलीकडे होतो. स्कूटर गेटजवळ उघड्यावर. परत आल्यावर किका मारून पाय दुखला, पण ती काही सुरू होईना. 'पंपावर पाणी मिसळतात' म्हणून मी सगळ्या बिल्डिंगला ऐकवलं. मेकॅनिकने टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढलं, तर त्यात दोन थर! मग त्याने टाकीच्या झाकणाचा वायसर दाखवला. चिरलेला. पावसाचं पाणी तिथूनच आत गेलं होतं.

इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. पाणी प्रमाणाबाहेर झालं की ते पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं, आणि इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो. आंबवलेल्या मळीतून साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल ९५ टक्क्यांच्या आसपासच शुद्ध होतं. उरलेलं पाणी काढायला वेगळी यंत्रणा लागते. हे मी जन्मभर केलं आणि स्वतःच्या स्कूटरच्या वेळी नेमकं विसरलो!

तेव्हा जुन्या गाड्यावाल्यांनी एवढं करा. झाकणाचा वायसर आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या तपासून घ्या, कारण जुन्या प्रकारचं रबर इथेनॉलने खराब होऊ शकतं. गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका, आठवड्यातून एक फेरी मारा. बाकी घाबरण्याचं कारण नाही.

आता मायलेज. 'कमी झालंय' असं तुम्ही म्हणता, ते खोटं नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश उष्णता असते. म्हणजे २० टक्के मिश्रणात उष्णता सहा-सात टक्क्यांनी घटते. त्याचा ऑक्टेन मात्र जास्त, त्यामुळे त्यासाठीच बनवलेलं इंजिन यातली थोडी तूट भरून काढतं. आपल्या जुन्या गाड्यांना ते जमत नाही.

फायदाही सांगायला हवा. आयात तेलाचा खर्च तेवढा वाचतो. साखर गोदामात पडून राहते, इथेनॉलचे पैसे लवकर येतात, आणि त्यातून उसाची बिलं निघतात. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या गावी भाऊबंद त्या बिलाची वाट बघत असतात.

पण एक हिशेब मला झोपू देत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाण्याचा अंदाज दिला आहे. गाडीत २० लिटर पेट्रोल भरलं, तर त्यात ४ लिटर इथेनॉल. ते सगळं उसाचं धरलं, तर साडेअकरा हजार लिटर पाणी! आपण मे महिन्यात मागवतो तो टँकर १० हजारांचा. म्हणजे एका टाकीत एक टँकर रिकामा. डिसेंबर २०२३ मध्ये ऊस कमी पडणार असं दिसताच सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणावी लागली होती. आता मक्यापासूनही पुष्कळ इथेनॉल होतं. पण मका महागला की कोंबड्यांचं खाद्य महागतं, आणि मग आपली अंडी.

म्हणून मी इथेनॉलला अमृतही म्हणत नाही आणि विषही म्हणत नाही. ते शेतातून आलेलं इंधन आहे, आणि शेताला पाणी लागतं. आपल्या पार्किंगमधून सकाळी एकाच दिशेला चार गाड्या निघतात, प्रत्येकीत एकेक माणूस. त्यातल्या दोन जरी थांबल्या, तरी पेट्रोलही वाचेल आणि कुणाच्या तरी विहिरीतलं पाणीही.

पंचविशी झाली, आता एवढा शहाणपणा आपल्याला शोभेल. आणि हो, ज्या पंपवाल्याला मी उगाच बोल लावले, त्याच्याकडेच मी अजून पेट्रोल भरतो.