पुड्यावरचे माप



आपल्या हिंगोली जिल्ह्यातील शेतकरी हळद घेऊन मोंढ्यात गेला की त्याची नजर काट्यावरून हलत नाही. किलोभर कमी भरले तरी तो जाब विचारतो, आणि ते रास्तच आहे. कुरआन शरीफमधील एका सूऱ्याचे नावच माप मारणाऱ्यांवरून पडले आहे. पण तोच शेतकरी परतताना मुलांसाठी खाऊचे पुडे घेतो, तेव्हा त्यावर छापलेले माप मात्र वाचत नाही.

पुड्यावरचा मजकूर हेही एक मापच आहे. घरोघरी शिजणाऱ्या मॅगीचे उदाहरण घ्या. ५ जून २०१५ रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ती देशभरातून परत घेण्याचा आदेश दिला. एक आक्षेप शिशाच्या प्रमाणावर होता. दुसरा होता पुड्यावरील एका ओळीवर : वरून अजिनोमोटो घातलेले नाही. कंपनी म्हणाली, आम्ही घातले नाही. तसा घटक गव्हात, कांद्यात मुळातच असतो. प्राधिकरण म्हणाले, ही ओळ वाचून ग्राहकाची दिशाभूल होते. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, कारण कंपनीची बाजू नीट ऐकली नव्हती आणि तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाली नव्हती. फेरतपासणीत शिसे मर्यादेत निघाले व नोव्हेंबरमध्ये मॅगी पुन्हा दुकानात आली. ती वादाची ओळ मात्र काढून टाकण्याचे कंपनीने मान्य केले.

यातून दोन धडे मिळतात. पुराव्याची खात्री केल्याशिवाय कोणाला दोषी ठरवू नये. आणि अक्षर खरे असले तरी त्यातून चुकीचा अर्थ निघत असेल, तर ते पुरते खरे नव्हे.

आता घरातले पाहा. दादीजानला ब्लडप्रेशर, म्हणून आपण सालनात मीठ कमी घालतो. संध्याकाळी नातू आपल्या पुड्यातला खाऊ प्रेमाने तिच्या हातावर ठेवतो. त्यातले मीठ कोण मोजणार?

विद्यार्थ्यांनो, ते तुम्ही मोजायचे! पुड्यावरील तक्त्यात मीठ या नावाने नव्हे, सोडियम या नावाने शोधा. आकडे बहुधा १०० ग्रॅमचे असतात. समजा तेथे ८०० मिलिग्रॅम लिहिले आहे आणि पुडा ५० ग्रॅमचा आहे. म्हणजे पुड्यात ४०० मिलिग्रॅम सोडियम. त्याला अडीचने गुणा : १ ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाला दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमची. एका पुड्यात पाचवा हिस्सा संपला!

हे सातवीचे त्रैराशिक आहे. परीक्षेत त्याला दोन-तीन गुण मिळतील; घरी त्याने दादीची तब्येत सांभाळली जाईल. आकडे संशयास्पद वाटले तर पुडा व पावती जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

पालकहो, ज्या मातांना शाळेची संधी मिळाली नाही, त्यांनी यात कमीपणा मानू नये. पुडा फोडण्याआधी मुलाच्या हाती द्या आणि म्हणा, ‘बेटा, वाचून दाखव.’ आपण शिक्षणासाठी जो पैसा आणि घाम खर्च करतो, त्याचे चीज त्या क्षणी होते.