माळवद उतरवण्यापूर्वी

मी सैन्यातला माणूस. घरं बांधायचं शिक्षण मला नाही, पण पडलेली घरं खूप पाहिली.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. मदतीला आमची तुकडी गेली. दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, वर माळवदाची मणामणाची माती. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवलेलेच नव्हते. हादऱ्यानं भिंत फुगून दुभंगली आणि माळवद झोपलेल्यांवर आलं.

मी तिथंच ठरवलं, दगडमाती नको. सुट्टीत गावी जाऊन वडिलांचं माळवद उतरवलं, स्लॅब टाकला. उन्हाळ्यात आई त्या घरात झोपेना. बाज घेऊन लिंबाखाली जायची. म्हणायची, "घर भक्कम आहे रे, पण आत जीव घाबरतो."

मी किल्लारीत अर्धंच पाहिलं होतं. कित्येक घरांच्या भिंती ढासळल्या, पण लाकडी खांब-तुळयांचे खण उभे होते. ८ ऑक्टोबर २००५ ला काश्मीरमध्ये भूकंप झाला, तेव्हा उरीकडे तेच दिसलं. तिथल्या धज्जी-देवारी घरांत लाकडी चौकटीचे लहान लहान कप्पे करून त्यात दगडविटा भरतात. अशा अनेक भिंतींना तडे गेले, पण त्या कोसळल्या नाहीत. तिथं माझे डोळे उघडले.

माळवदाचा गारवा त्याच्या वजनात होता आणि मरणही त्याच वजनात. म्हणून छत हलकं करा. गारव्यासाठी जाड भिंत, खोल ओसरी आणि समोरासमोर खिडक्या ठेवा. भिंत गावच्या दगडाचीच असू द्या, पण तिच्यात ठरावीक अंतरावर आरपार जाणारे दगड घाला. दारं-खिडक्यांच्या वर घरभर सलग काँक्रीटचा पट्टा फिरवा. त्याच्या सळ्या कोपऱ्यात तोडू नका, वळवून पुढं न्या. भिंतींना एकत्र बांधून ठेवतो तो हा पट्टा.

निवृत्तीनंतर अंगणात पडलेल्या जुन्या दगडांतून मी अशा दोन खोल्या बांधल्या. दुपारी तिथं पंखा न लावता झोप लागते. आई तोवर गेली होती.

म्हणून सांगतो, जुनं घर पाडण्याआधी एकदा जाणत्या गवंड्याला आणि एकदा इंजिनिअरला आत न्या. काय ठेवायचं आणि काय बदलायचं, हे दोघांना एकत्र बसवून ठरवा. आणि त्या घरात जी बाई दिवसभर राबते, तिला आधी विचारा. मी विचारलं नव्हतं.

जय हिंद.