जाणता आणि नवखा

मार्गशीर्षाच्या वद्य पक्षांत नांदेड जिल्ह्यांतील लोहा तालुक्यांत माळेगांवच्या खंडोबाची यात्रा भरते. देवदर्शनाइतकाच तेथील जनावरांचा बाजारहि प्रसिद्ध आहे. घोडे, उंट, गाढवें आणि कंधारकडचे तांबडे बैल यांनीं माळ भरून जातो. या बाजारांत दोन प्रकारचीं माणसें हटकून दिसतात. एक जनावरांचा पारखी आणि दुसरा शहरांतून सहज म्हणून आलेला हौशी प्रेक्षक. पारखी बैलासमोर बराच वेळ उभा राहतो, दांत पाहतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून पाहतो आणि बोलतो थोडें. प्रेक्षक मात्र दुरूनच बोलूं लागतो. एका दावणीला तीन देवणी जनावरें दिसलीं, एक पांढऱ्या अंगाचें पण तोंडाच्या बाजूंना काळें, दुसरें अवघें पांढरें आणि तिसरें काळ्या ठिपक्यांचें, कीं ‘या तीन निराळ्या जाती’ असा निकाल तो देऊन टाकतो. वस्तुतः वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे एकाच देवणी जातीचे तीन रंगभेद आहेत, आणि ज्या गांवावरून त्या जातीला नांव मिळालें तें देवणी लातूर जिल्ह्यांतच आहे.

अशा वेळीं चांगला पारखी हंसत नाहीं, चारचौघांत त्या गृहस्थाची फजितीहि करीत नाहीं. “पाव्हणं, रंग राहूं द्या; जरा कपाळ बघा, कान बघा,” एवढेंच तो म्हणतो. पाहुणा पाहूं लागतो, आणि तिन्ही जनावरांची ठेवण एकच आहे हें त्याच्या त्यालाच उमगतें. जाणत्यानें नवख्याशीं कसें वागावें याचा हा उत्तम वस्तुपाठ होय. पण त्याची खरी कसोटी त्याच यात्रेच्या दुसऱ्या टोकाला, पाळण्यांपाशीं लागते.

माळेगांवच्या यात्रेंत, तसेंच महाशिवरात्रीच्या सुमारास लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेंत, आकाशपाळणे उभे राहतात. परंतु पाळण्याची हौस आतां यात्रेपुरती राहिलेली नाहीं. मुंबईजवळ गोराई येथें १९८९ मध्यें एस्सेलवर्ल्ड सुरू झालें आणि २०२२ मध्यें तें बंद पडलें. मध्यंतरीं २०१३ मध्यें रायगड जिल्ह्यांत खोपोलीजवळ इमॅजिका हें क्रीडोद्यान उघडलें. मराठवाड्यांतून तेथें जावयाचें म्हणजे रात्रभराचा प्रवास. तरी मुलांच्या हट्टाखातर तो केला जातो. तेथें ‘नायट्रो’ नांवाचा रोलर कोस्टर आहे. रोलर कोस्टर म्हणजे चढउतारांच्या आणि वळणावळणांच्या लोखंडी मार्गावरून धांवणारी गाडी. नायट्रो ही स्वित्झर्लंडमधील बोलिजर व माबियार या कारखान्याची रचना; तिच्या आसनांखालीं तळ नाहीं, आणि बसणारा पांच वेळां उलटा होतो.

अशा गाड्यांचेहि पारखी असतात. अमेरिकेंत त्यांनीं १९७८ मध्यें आपली संस्थाच स्थापन केली. आपल्याकडेहि असे तरुण तुरळक आढळतात. नुसतें बसून किंचाळण्यावर त्यांचें समाधान होत नाहीं. मार्ग कोणीं आंखला, चाकें कशीं बसविलीं, गाडी कोठें थांबवितां येते, याचा ते अभ्यास करतात. आणि त्यांची व वर्षांतून एकदां येणाऱ्या पाहुण्याची गांठ पडते ती रांगेंत.

रांगेंत ज्ञानाला तोटा नसतो. कोणी म्हणतो, आंत मोठें एंजिन आहे, तें बिघडलें कीं गाडी खालीं येते. कोणी म्हणतो, उलटें झाल्यावर माणूस केवळ पट्ट्यावर लोंबकळतो. चढावरचा कटकट आवाज ऐकून कोणी सांगतो कीं सांखळी तुटावयास आली आहे. आणि गाडी मध्येंच थांबली तर ‘पाहा, बिघडली’ असा पुकारा होतो. शेवटीं ‘मागल्याच वर्षीं येथें एक जण गेला’ ही बातमी येते. तिला नांव नसतें, तारीख नसते, सांगणाऱ्याच्या मेहुण्याच्या मित्रानें ती ऐकलेली असते.

यांतील खरें काय? बहुतेक रोलर कोस्टरांत विजेची मोटर सांखळीनें गाडीला पहिल्या टेकाडावर चढविते. तेथून पुढें गाडी स्वतःच्याच वजनानें धांवते. बालाघाटाच्या उतारावरून सायकल सोडली तर पायडल न मारतांहि ती वेग घेते, तोच हा नियम. चाळीस मीटर उंचीवरून घसरणाऱ्या गाडीला, घर्षण सोडून दिलें तर, पायथ्याशीं तासाला सुमारें शंभर किलोमीटर वेग येतो. चढावरची कटकट ही तर अभयाची खूण आहे. गाडीखालची खिटी मार्गावरील दात्यांत एकामागून एक पडत जाते. सांखळी सुटली तरी गाडी मागें घसरूं नये यासाठींच ती योजना आहे. मार्गाचे टप्पे पाडलेले असतात, आणि पुढचा टप्पा मोकळा झाल्यावांचून मागची गाडी त्यांत सोडली जात नाहीं. आगगाडी सिग्नलपाशीं थांबली म्हणून कोणी तिला मोडकी म्हणत नाहीं. तोच न्याय येथें लावला पाहिजे.

गाडी मार्गावरून सुटत नाहीं तेंहि नशिबानें नव्हे. तिला तीन प्रकारचीं चाकें असतात. एक रुळावर चालणारें, दुसरें बाजूनें धरणारें आणि तिसरें रुळाच्या खालून अडविणारें. या खालच्या चाकाचें पेटंट जॉन मिलर या अमेरिकन कारागिरानें १९१९ मध्यें घेतलें, आणि तेव्हांपासून मोठे उतार आंखणें शक्य झालें. त्यापूर्वीं १८८४ मध्यें न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड येथें लामार्कस थॉम्प्सन यानें पांच सेंटांत फिरविणारी जी गाडी उभारली, तिचा वेग तासाला सहा मैल होता, म्हणजे धांवणाऱ्या मुलानेंहि तिला गांठावें. १८९५ मध्यें तेथेंच पूर्ण वर्तुळांतून उलटी फिरणारी गाडी निघाली. परंतु त्या नेमक्या वर्तुळामुळें बसणाऱ्यांच्या माना आंचके खाऊन दुखूं लागल्या आणि ती टिकली नाहीं. कॅलिफोर्नियांत १९७६ मध्यें लांबट थेंबाच्या आकाराचें वेटोळें उभें राहिलें, तेव्हां कोठें तो दोष दूर झाला.

आतां पट्ट्याची गोष्ट. पाण्यानें भरलेला तांब्या हातांत धरून डोक्यावरून वेगानें फिरविला तर पाणी सांडत नाहीं. वेटोळ्याच्या माथ्यावर पुरेशा वेगानें जाणारा माणूसहि तसाच आसनावर दाबलेला राहतो. पण येथेंच अर्धवट जाणता घसरतो. ‘म्हणजे पट्टा शोभेचाच’ असें तो म्हणून बसला, तर नवख्याच्या अज्ञानापेक्षां त्याचें ज्ञान अधिक घातक ठरतें. टेकाडावरून गाडी झपकन् खालीं वळते तेव्हां शरीर आसनावरून उचललें जातें, आणि गाडी थांबली तर वेगाचा आधारहि जातो. तेथें माणसाला धरून ठेवतो तो खांद्यावरचा किंवा मांडीवरचा दांडाच. उलट, नवख्याचें बोलणें नेहमींच चुकीचें असतें असेंहि नाहीं. ‘भरलेली गाडी जास्त पळते’ असें कोणी म्हटलें कीं पुस्तकी जाणता ‘पडण्याच्या वेगाचा वजनाशीं संबंध नाहीं’ असें ऐकवितो. परंतु घर्षण आणि वारा यांचा विरोध भरलेल्या गाडीला तिच्या वजनाच्या मानानें कमी जाणवतो, आणि ती खरोखरच थोडी अधिक पळते. गांवाकडचा माणूस आपल्या गाडीबैलाच्या अनुभवावरून बोलत असतो. तो अनुभव ऐकून घेण्यांत जाणत्याचा तोटा नाहीं.

मग जाणत्यानें प्रत्येक चूक सुधारावी काय? येथें अज्ञानाचे तीन प्रकार ओळखले पाहिजेत. पहिलें निरुपद्रवी. उद्यानांतील प्रत्येक पाळण्याला कोणी रोलर कोस्टर म्हटलें, किंवा हा जगांतील सर्वांत उंच आहे असें मुलांना अभिमानानें सांगितलें, तर तेथें गप्प बसावें. मुलांसमोर बापाचा शब्द खोटा पाडून मिळविलेला विजय हलक्या प्रतीचा होय. दुसरें अज्ञान भीति उत्पन्न करणारें. एखादी मुलगी भेदरून रांग सोडूं पाहत असेल, तर तिला आंकडे सांगूं नयेत. एक गाडी सुटतांना आणि परत येतांना तिच्याबरोबर उभें राहून पाहावी, आवाज कसला तें सांगावें, आणि तरीहि ती नको म्हणाली तर तिला जाऊं द्यावें. न बसण्याचा हक्क बसण्याच्या हक्काइतकाच मोठा आहे.

तिसरें अज्ञान धोक्याचें. तेथें मात्र कोणीं विचारण्याची वाट पाहतां येत नाहीं. असा प्रसंग कल्पावा. लातूरकडील एक गृहस्थ रात्रभर मोटारींतून आले आहेत. उंची मोजण्याच्या खांबापाशीं त्यांचा मुलगा दोन बोटें कमी भरतो. मुलाचे डोळे भरून येतात. तिकिटाचे पैसे, प्रवासाचा शीण, मुलाला महिनाभर दिलेलें वचन, सारें त्या दोन बोटांत अडकतें. गृहस्थ हळूच मुलाला टांचा उचलावयास सांगतात आणि शेजारच्यांना म्हणतात, “पोरगा धीट आहे, भीत नाहीं.” मागें उभा असलेला जाणता तरुण पुढें होतो आणि खालच्या आवाजांत म्हणतो, “काका, ही खूण धिटाईची नाहीं. तो दांडा एवढ्या उंचीच्या अंगावरच नीट बसतो. हा धीट आहे, पण दांड्याला तें कळत नाहीं.” गृहस्थ क्षणभर रागानें पाहतात. मग खांद्यावरच्या त्या जाड दांड्याकडे पाहतात, मुलाच्या अरुंद खांद्यांकडे पाहतात, आणि त्याचा हात धरून रांगेबाहेर पडतात. तरुणाचें काम येथें संपत नाहीं. लहानांना चालणारी दुसरी गाडी कोणती आणि कोठें आहे तेंहि तो सांगतो. आणि ‘पुढच्या वर्षीं उंची भरेल, तेव्हां पहिल्या डब्यांत बस’ असें मुलाच्या कानांत सांगतो. नियम सांगणारे पुष्कळ असतात. नियमामुळें खट्टू झालेल्याची सोय लावणारा विरळा.

ज्याला सुरक्षिततेचें रहस्य कळलें, त्याच्या अंगीं एक निराळीच चूक येण्याचा संभव असतो. खोपोलीच्या गाडीविषयीं जें खरें, तें तो यात्रेंतील पाळण्यालाहि लावूं लागतो. इकडे बहुतेक कुटुंबांची समजूत नेमकी तीच असते. रोलर कोस्टर भयंकर आणि यात्रेंतील पाळणा बिनधोक. कारण तो लहानपणापासून पाहिलेला. पण परिचय म्हणजे खात्री नव्हे. यात्रेंतील पाळणा चार दिवसांसाठीं जोडला जातो आणि पुन्हां सुटा करून दुसऱ्या गांवीं नेला जातो. प्रत्येक जोडणींत खिळे व खिट्या नव्यानें बसवाव्या लागतात. खालची जमीन मराठवाड्यांतील काळी असेल, तर ती ओलीनें फुगते आणि वाळली कीं भेगाळते. म्हणून पाळणा समतल बैठकीवर आहे कीं नाहीं, पाटाची अडणी घट्ट लागते कीं नाहीं, आणि तपासणीचा परवाना चालक दाखवितो कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून मुलाला बसवूं नये. पाळणेवाला पोटासाठीं गांवोगांव हिंडणारा मनुष्य असतो. त्याला चोर ठरवून हे प्रश्न विचारूं नयेत. नीट काम करणाऱ्याला ते विचारलेले आवडतात.

अशा वेळीं कोणीं जाणत्याला विचारलें, “तुम्हांला यांतलें कळतें, बसवूं का पोराला?” तर त्यानें काय उत्तर द्यावें? पाहिलें असेल तें सांगावें. पाहिलें नसेल त्याची हमी देऊं नये. ‘मला ठाऊक नाहीं’ हे तीन शब्द उच्चारतांना ज्याची जीभ अडखळते, त्याचें जाणतेपण अजून कच्चें आहे. भीति दाखविणारी अफवा आणि बेफिकीर दिलासा हीं एकाच अज्ञानाचीं दोन रूपें होत. पहिलीमुळें मुलाचा आनंद बुडतो, दुसऱ्यामुळें त्याचा जीव धोक्यांत येतो.

आणि जाणतेपणाचा गर्व उतरविण्यास माळेगांवचा बाजार आहेच. खोपोलीच्या रांगेंत चाकांचे तीन प्रकार सांगणारा तरुण मार्गशीर्षांत तेथें गेला, आणि एखाद्या बैलाचा तांबडा रंग पाहून ‘हा उत्तम’ असें बोलून गेला, तर शेजारचा म्हातारा पारखी त्याच्याकडे पाहील. चारचौघांत हंसणें त्याला सहज शक्य असेल. पण तो तसें करणार नाहीं. “पाव्हणं, जरा चालवून बघूं या,” एवढेंच म्हणून तो बैलाचा कासरा त्या तरुणाच्या हातीं देईल.