प्राणवायूवाचून तेल पचविणारे जीवाणू



शताब्दी व्याख्यानमालेत साहित्याच्या पंक्तीला जीवाणूंनाही पाट मांडण्याचे औदार्य आपल्या कार्यकारी मंडळाने दाखविले, त्याबद्दल प्रथम आभार मानतो. विषय बडोदेकरांना परका वाटू नये. अंकलेश्वरला १९६० साली तेल लागले, कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला; तेव्हापासून खनिज तेल आपल्या शेजारीच नांदते आहे. आणि तेल जगात जेथे जेथे साठविले जाते, तेथे केव्हा ना केव्हा ते सांडतेच.

सांडलेले तेल जीवाणू खातात, हे आपण वाचले असेल. डॉ. आनंद चक्रवर्ती यांनी घडविलेल्या अशा एका जीवाणूच्या पेटंटचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला. परंतु तो जीवाणू प्राणवायूवर जगणारा होता. हायड्रोकार्बनचा रेणू सहजासहजी कोणाशी संयोग पावत नाही. त्याला प्रथम फोडण्यासाठी असे जीवाणू हवेतील प्राणवायूच हत्यार म्हणून वापरतात. भूमिगत टाकीतून झिरपलेले पेट्रोल भूजलात उतरले की तेथील थोडाबहुत प्राणवायू लवकरच संपतो. मग हे हत्यार कोठून आणावयाचे?

पुढे काहीच घडत नाही, असे दीर्घकाळ मानले जाई. शिकागोच्या एड्सन बॅस्टिन यांनी १९२६ मध्येच तेलक्षेत्रांतील पाण्यात सल्फेटवर जगणारे जीवाणू आढळल्याचे प्रसिद्ध केले होते. पण असे जीवाणू प्राणवायूवाचून खरोखर हायड्रोकार्बन पचवितात, हे शुद्ध संवर्धनात दाखवून देण्यास १९९१ साल उजाडले. ते काम जर्मनीतील फ्रीडरिश विडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे.

युक्ती काय, हे टोल्युईनच्या बाबतीत सर्वांत स्पष्टपणे उलगडले. थाउएरा अॅरोमॅटिका नावाचा जीवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेटवर श्वसन करतो. तो टोल्युईनला सरळ फोडीत नाही. फ्युमरेट या पेशीतल्या नेहमीच्याच आम्लाशी त्याची गाठ बांधतो. या जोडीतून बेंझिलसक्सिनेट तयार होते आणि त्याचे पुढचे पचन मग स्निग्धाम्लांच्या पचनाच्या धर्तीवर चालते. योहान हायडर, गेओर्ग फुक्स आणि सहकाऱ्यांनी ही क्रिया १९९६ साली दाखविली. तिची जनुके १९९८ मध्ये हाती आली.

ही जनुके एका ओळीत लागून बसलेली असतात आणि त्यांना 'बीएसएस' या आद्याक्षरांनी ओळखतात. त्यांतील 'ए' जनुक विकराचा मुख्य घटक घडविते, 'बी' आणि 'सी' त्याचे दोन लहान जोडीदार. 'डी'चे काम मला सर्वांत विलक्षण वाटते. त्यातून निघणारे प्रथिन मुख्य घटकातील एका ग्लायसिनवरचा हायड्रोजन काढून घेते आणि तेथे एक एकाकी इलेक्ट्रॉन उरतो. रसायनशास्त्रात याला मुक्त मूलक म्हणतात. या एकाकी इलेक्ट्रॉनच्या बळावरच टोल्युईनचा हट्ट मोडतो. मात्र प्राणवायूचा स्पर्श होताच प्रथिनाची साखळी नेमकी त्या ग्लायसिनपाशी तुटते आणि विकर कायमचे निकामी होते. प्राणवायूचा अभाव ही येथे केवळ अडचण नाही. या यंत्राची ती अटच आहे.

ब्रेमेनच्या राल्फ राबुस प्रभृतींनी २००५ मध्ये ईबीएन-१ या जीवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचला. त्यात अॅरोमॅटिक संयुगे पचविण्याचे प्राणवायूविरहित दहा आणि प्राणवायूवर चालणारे चार मार्ग आढळले. एवढासा जीव, पण दोन्ही ऋतूंची बेगमी करून बसलेला!

आता प्रश्न पिण्याच्या पाण्याचा. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी तेलवाहिनी फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले. साफसफाईनंतरही सुमारे ४ लाख लिटर जमिनीत राहिले. डेरेक लव्हली आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखविले, की तेथील विरघळलेल्या टोल्युईनसारख्या द्रव्यांचे विघटन मातीतील लोहावर जगणाऱ्या जीवाणूंच्या साहाय्याने होऊ शकते. दूषित पाण्याचा पट्टा १९९६ पर्यंत सुमारे २०० मीटरच सरकला होता. भूजल स्वतः त्याहून पुष्कळ पुढे गेले होते.

हे ऐकून 'मग निसर्गावरच सोपवू, खर्च वाचेल' असे म्हणणारे लगेच पुढे सरसावतात. त्यांच्याकडे मी पुरावा मागेन. मातीतून डीएनए काढून 'बीएसएस-ए' जनुक मोजता येते. पण तेवढ्याने भागत नाही. पुस्तक तालिकेत आहे म्हणजे ते वाचले जाते असे नव्हे, हे ग्रंथालयाच्या सभासदांना मी काय सांगावे? त्यासाठी देवघेवीची नोंदवही पाहावी लागते. येथे ती नोंदवही म्हणजे जनुकावरून उतरलेला संदेशवाहक आरएनए, आणि पाण्यात प्रत्यक्ष सापडणारे बेंझिलसक्सिनेट. दोन्ही मिळाली तरच जीवाणू कामावर आहेत असे मानावे.

आणि तरीही हिशेब पुरा होत नाही. मातीतील वापरण्याजोगे लोह संपत गेले की थोपलेला पट्टा पुन्हा पुढे सरकतो. शिवाय त्याच लोहाला चिकटलेले आर्सेनिक सुटून पाण्यात येते. बेमिजीला ते आढळले आहे. म्हणजे तेल पचविताना जीवाणू दुसरेच विष मोकळे करू शकतात. बेंझीनचे दुखणे तर आणखी निराळे. टोल्युईनच्या वलयाला जो मिथिल गट असतो, ज्याला धरून फ्युमरेटची गाठ मारता येते, तो बेंझीनला नाहीच. प्राणवायूवाचून त्याचे विघटन होते, पण फार सावकाश, आणि पहिली पायरी कोणती याविषयी संशोधकांत एकमत झालेले नाही. कर्करोगाला कारण होणारे द्रव्य नेमके हेच. तेव्हा विहिरीच्या पाण्यात टोल्युईन उतरले असा अहवाल कोणी समोर ठेवला, तर बेंझीनचा आकडा वेगळा मागून घ्यावा आणि त्याच कागदावर आर्सेनिकचाही.